एवारिस्तोच्या मागे राहिलेले बटाटे

वायरापाता गावात काढणीचे दिवस आले की विधवा आणि म्हाताऱ्या बायका सकाळी एकमेकींना एकच गोष्ट विचारत, "एवारिस्तो आज कुणाकडे खणतोय गं?" आणि दुसऱ्या दिवशी टोपल्या घेऊन नेमक्या त्याच शेतात जात. काढणी झाल्यावर मातीत जे बटाटे राहतात ते वेचणाऱ्याचे, आणि त्यातही पहिला हक्क विधवेचा, असा तिथला जुना रिवाज. इतर गडी खणून गेले की मागे मातीच उरे. एवारिस्तो खणून गेला की मागे एका घराचं जेवण उरे.

तो आळशी नव्हता. त्याला घाई होती. कसली, ते त्यालाही कधी सांगता आलं नाही. त्याची आई सांगायची की ती ओझी वाहणाऱ्या लामा जनावरांचा तांडा घेऊन खिंडीतून परतत होती, घराचा धूर समोर दिसत होता, पण तेवढाही दम या पोराला निघाला नाही, खिंडीतच झाला. पुढे पायनांगर हातात आला तेव्हा तो त्याच्याहून उंच होता. लांब दांड्याचं, पाय ठेवून मातीत दाबायचं ते अवजार घेऊन गडी पेरणीला ओळीने उभे राहत, आणि बघता बघता एवारिस्तोची ओळ सगळ्यांच्या पुढे निघून जाई. पेरणीला ही घाई शोभून दिसे. काढणीला दिसत नसे.

नाझारियाने त्याला पाहिलं तेही घाईतच. संताच्या जत्रेत तो ढोलाच्या पुढे पुढे नाचत होता. खिंडीपलीकडच्या सोरापाम्पाहून आलेली ही पोरगी कडेला उभी राहून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ढोल संपायच्या आत घरी जायचंय का तुला?"

"नाही. का?"

"मग जरा थांबून नाच की. चेहरा दिसत नाही तुझा."

पुढच्या काढणीनंतर ती लग्न होऊन आली. पाठीवरच्या शालीत तिने बियाणं बांधून आणलं होतं. तिकडे मुलगी सासरी जाते ती आईच्या पोटमाळ्यावरचे बटाटे घेऊनच. ते द्यायचे शालीत आणि घ्यायचेही शालीत. पोत्यात घालायचे नाहीत, ओंजळीत धरायचे नाहीत. ज्या बाईच्या शालीत पडले त्या बाईच्या घरचे झाले.

एवारिस्तोच्या आईने सुनेची शाल सोडली. आत सगळे काळे, मातकट, वेडेवाकडे. "तुझ्या आईने वाटेतले दगड दिले की काय बांधून?" म्हातारी म्हणाली.

खायला म्हणून नाझारियाने थोडे वेगळे आणले होते, ते उकडायला घातले. पाणी निळसर झालं. मग सगळे चुलीभोवती बसल्यावर तिने एकेक बटाटा हातात घेऊन फोडायला सुरुवात केली. एक आतून पार जांभळा निघाला, खाणाऱ्याचे ओठ रंगवणारा. एक अंड्याच्या बलकासारखा पिवळाजर्द. एकाच्या पांढऱ्या गरात निळे ढग उतरले होते. गुलाबी होता त्यात पांढऱ्या रेघा होत्या. सासू हळूहळू पुढे सरकून बसली. शेवटचा सगळ्यांत काळा आणि ओबडधोबड होता. तो फोडायच्या आधी नाझारियाने नवऱ्यापुढे धरला.

"सांग, आतून काय?"

एवारिस्तोने विचार केला नाही. "पांढरा."

तिने फोडला. गर फिकट पिवळा, आणि सालीच्या किंचित आतून गोल फिरलेलं तांबडं कडं, बाईच्या गळ्यात कंठी असावी तसं. त्या बटाट्याचं नावही तेच होतं, तांबडी कंठी. ती तिच्या आईच्या घरची खास चीज होती आणि आईकडून फक्त लेकीला मिळे.

तेव्हापासून हा त्यांचा खेळच झाला. ती फोडायच्या आधी विचारायची, आतून काय? आणि तो म्हणायचा, पांढरा. त्याचं उत्तर सहसा चुकायचं. कारण तिच्या ढिगात पांढरे जवळजवळ नव्हतेच. "एकदा तरी थांबून बघ ना बटाट्याकडे," ती म्हणायची. तो म्हणायचा, "बघून काय करू? खायचाच आहे." आणि दोघं हसायची.

पेरणीला तो पुढे जमीन उघडत जायचा आणि मागून ती त्या भेगेत बी सोडत यायची. जन्मभर त्याने पाहिलं ते इतकंच, मागे वळल्यावर दिसणारा तिचा हात. हातात काय आहे हे पाहायची त्याला कधी गरज पडली नाही. पोटमाळ्यावर तर तो कधी चढलाच नव्हता, तिथे काय काय ठेवतात हे त्याला ठाऊक नव्हतं. तिथे पुरुषाने जाऊ नये. बटाट्याचा जीव भित्रा असतो, पुरुषाचा पायरव ऐकून तो निघून जातो, असं लहानपणापासून त्याने ऐकलं होतं आणि मानलंही होतं.

काढणीला मात्र त्यांचं दर वर्षी वाजायचं.

"घाईच्या, मागे बघ. अर्धे तर मातीतच."

"सगळे काढले."

"कंठी कुठेय? ती झाडाच्या बुडाशी बसत नाही. लाजरी आहे, लांब जाते, खोल जाते, वेचणाऱ्या बायकांच्याही हाती लागत नाही. तिथे खण."

"पुढच्या वर्षी खणतो."

त्यांना मुलगा एकच, फाउस्तिनो. तो कुस्को शहरात जाऊन लॉरी चालवू लागला आणि तिथलीच बायको केली. मुलगी झाली नाही. नाझारिया हात मोकळा ठेवून सगळ्यांना बियाणं द्यायची. गावात कुणाचं लग्न असो, कुणाच्या शेतावर गारपीट होऊन बी गेलेलं असो, तिची शाल सुटायची. पण तांबडी कंठी तिने कुणाला दिली नाही. "सुनेला देणार," म्हणायची. "ती इथे राहायला आली की." सून सणाला यायची, बटाटे आवडीने खायची, आणि परत जायची.

या कंठीवर सगळ्यांत जास्त डोळा होता तो कासिमिराचा. ती एवारिस्तोच्या मोठ्या भावाची बायको, लवकर विधवा झालेली, शेजारीच राहणारी. तोंडाने तिखट, पण या घरच्या चुलीशी रोज संध्याकाळी बसायची. "जाऊबाई, मला चारच द्या," ती दर वर्षी मागायची. नाझारिया दर वर्षी तिला दुसरं काहीतरी चांगलं द्यायची. त्यावरून दोघी महिनामहिना बोलत नसत, आणि न बोलता शेजारी बसून सूत कातत.

मग तो वाईट हंगाम आला. पावसाळ्यातच नाझारियाला खोकला लागला होता. काढणीच्या वेळी ती शेतात आलीच नाही. एवारिस्तो एरवीपेक्षाही भराभर खणत होता, कारण कधी एकदा घरी जाऊन तिला बघतो असं त्याला झालं होतं. त्या एकाच वर्षी त्याच्या घाईला कारण होतं. घरी ती अंथरुणाजवळ ढीग ओतून घ्यायची आणि बसल्या बसल्या बटाटे वेगळे करायची. मोठे खायला. अंड्याएवढे बियाण्याला. त्याहून बारीक गोठवून वाळवायला, म्हणजे चुन्यो करायला. कासिमिरा ते ज्याच्या त्याच्या जागी ठेवून यायची. शेवटचे बियाण्याचे बटाटे मात्र, कुणाचं न ऐकता, नाझारिया स्वतः शिडी चढून वर ठेवून आली. त्यानंतर ती उठली नाही.

ती गेली तेव्हा हिवाळा लागत होता. माणसं येत होती, चघळायची कोकाची पानं पुढे ठेवत होती, बसत होती, जात होती. एवारिस्तो चुलीमागे एका पोत्यावर बसून राहिला. मग रात्री आभाळ निरभ्र झालं, कडक दंव पडू लागलं, आणि सगळं गाव चुन्योचे बटाटे घेऊन वरच्या पठाराकडे निघालं. ही थंडी फार टिकत नाही. चुकली तर वर्षभराचा चुन्यो चुकला.

एवारिस्तो भानावर आला आणि त्याला पुन्हा घाई झाली. बारीक बटाटे कुठे असतील? खाली कोठीत मोठेच दिसत होते. मग वरच असणार. तो शिडीखाली उभा राहिला. नाझारिया नाही, आता कोण चढणार? जोडे काढून, पायांचा आवाज न करता तो चढला.

वर रानपुदिन्याचा वास भरून राहिला होता. गवताच्या थरावर लहान लहान बटाट्यांचा ढीग, त्यावर वाळलेल्या पुदिन्याच्या काड्या. तिच्या शालीला, केसांना, हातांना हाच वास यायचा. तो वास आला तसे त्याचे डोळे भरून आले, आणि तो पुदिना तिथे का घातलाय याचा विचार डोक्यात आलाच नाही. त्याने पोती भरली. गवत उचलून खालचेही घेतले. कोपऱ्यातले हाताने झाडून घेतले. नाझारियाने आजारपणात निवडून ठेवलेले, एकही वाया जाऊ नये म्हणून.

पठारावर गवत अंथरून त्याने ते पसरले. काही रात्री ते दगडासारखे गोठले, दिवसा उन्हात मऊ झाले. मग एका सकाळी सगळे अनवाणी होऊन आपापले ढीग तुडवू लागले. साल सुटते, पाणी निघून जातं, मग उन्हात वाळले की झाले. एवारिस्तोही तुडवू लागला. पायाखाली पाणी सुटलं. त्याला वाटलं नेहमीसारखं मातकट असेल. पण ते जांभळं होतं. पलीकडून लाल धार आली आणि तिच्यात मिसळली. त्याच्या पायाच्या बोटांमधून निळं, गुलाबी, जांभळं पाणी गवतात उतरत होतं. किती सुंदर आहे, असं त्याच्या मनात आलं. नाझारियाचे बटाटे इतके थांबून त्याने पहिल्यांदाच पाहिले असावेत.

कासिमिरा आपल्या मेंढ्यांमागून चालली होती. "पाय काय रंगवलेत, भावजी? पुन्हा बोहल्यावर चढायचंय की काय?"

"चुन्यो करतोय, वहिनी. नाझारियाने निवडून ठेवलेले."

कासिमिरा वाकली. एक उचलला, अंगठ्याने साल सरकवली. दुसरा उचलला. मग नाकाशी नेला.

"याला रानपुदिन्याचा वास येतोय."

"येणारच. तिच्या पोटमाळ्यावरचे आहेत."

कासिमिरा तिथेच गवतात बसली. "चुन्योच्या बटाट्यांवर पुदिना घालतं का हो कुणी? तो बियाण्यावर घालतात, कीड लागू नये म्हणून. चुन्योचं पोतं मी स्वतः चुलीमागे ठेवलं होतं."

चुलीमागचं पोतं. त्याच पोत्यावर तो इतके दिवस बसून होता.

"सगळे आणलेत?"

"सगळे."

"वर चारदोन तरी राहिले असतील. तुम्ही आणि काही मागे राहिलं नाही, असं होईल का?"

"झाडून आणलेत, वहिनी."

जन्मात एकदाच त्याने मागे काही ठेवलं नव्हतं. गोठलेला बटाटा उगवत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. एवारिस्तो तसाच उभा राहिला. कासिमिरा टोचून बोलेल म्हणून तो वाट बघत होता. तिने आपले जोडे काढले, घागरा खोचला आणि ती ढिगात उतरली.

"आता तुडवायला तर हवेत," ती म्हणाली. "नाहीतर नासतील."

दोघं दुपारपर्यंत तुडवत राहिली. वाळल्यावर त्या बटाट्यांत काही फरक उरला नाही. जांभळे, पिवळे, ढगांचे, कंठीचे, सगळे सारखे काळे आणि हलके, नदीतल्या गोट्यांसारखे. एवारिस्तोने त्यांचं पोतं तुळईला टांगलं आणि त्यातलं काही शिजवलं नाही.

पेरणी जवळ आली. कासिमिरा दारात येऊन उभी राहिली. "काय पेरणार आहात? दगड?"

"फाउस्तिनोकडे जाईन म्हणतो. कुस्कोला."

"तिथे काय कराल, लॉरीच्या पुढे पळाल? जाऊबाईंची शाल कुठेय? ती घ्या आणि दारोदार जा."

"बियाणं मागायला? पुरुषाने?"

"मग काय मी जाऊ? माझ्या शालीत पडलं की ते माझ्या घरचं झालं. तिच्या शालीत पडू द्या."

तो गेला. म्हातारा माणूस, अंगावर बायकोची जुनी, कडा विरलेली शाल बाईसारखी गाठ मारून. गावातल्या पुरुषांना अशी करमणूक कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. भिंतीवर उन्हाला बसलेले ओरडत, "एवारिस्तोबाई, घागरा घरी विसरलात." तो म्हणायचा, "धुवायला टाकलाय." पहिल्या दारात त्याची मान वर होत नव्हती. नंतर होऊ लागली, कारण दारादारात त्याला नाझारिया भेटत होती.

"हा घे, पूमाचा पंजा," एक बाई बोटं फुटल्यासारखा बटाटा शालीत टाकताना म्हणाली. "माझ्या लग्नात तुझ्या बायकोनेच दिला होता." दुसरी म्हणाली, "गारपीट झाली त्या वर्षी माझ्याकडे काही नव्हतं. रात्री येऊन माझ्या शालीत ओतून गेली, कुणाला सांगू नको म्हणाली." तिसरीने जांभळे दिले आणि सांगितलं, "यांच्यावरून तिने माझी खरडपट्टी काढली होती. मी दगडाळ जागेत लावले म्हणून." त्याच्या घरातून जे जे बाहेर गेलं होतं ते आता मुठीमुठीने परत येत होतं. यांतलं निम्मं त्याला माहीतच नव्हतं. तो घाईत असायचा, आणि ती तेवढ्यात कुणाच्या तरी घरी जाऊन यायची. प्रत्येक दारातून निघताना तो विचारायचा, "तांबडी कंठी आहे का गं?" आणि प्रत्येक दारात एकच उत्तर. "ती तिने कुणाला दिली? आम्ही नुसती खाल्लीये तुमच्या घरी."

मग तो खिंड ओलांडून सोरापाम्पाला गेला, तिच्या माहेरी. मेव्हणा म्हातारा झाला होता, पण त्याने प्रेमाने मिठी मारली. आता तिथे खालपर्यंत लॉरी येत होती, आणि डोंगरभर एकाच जातीचा मोठा, गुळगुळीत बटाटा लावलेला होता. "जुने कोण लावतो, पाहुणे? ते वेळ घेतात. हे बघा, किती देखणा." रात्री वाफाळलेले बटाटे पुढे आले. एवारिस्तोने एक हातात घेतला. मनातल्या मनात म्हणाला, पांढरा. फोडला, पांढरा होता. दुसरा फोडला, तोही. या घरात त्याचं उत्तर दर वेळी बरोबर आलं असतं. त्याला जेवण गेलं नाही. थकवा आला असेल, असं मेव्हण्याला वाटलं.

त्या वर्षी पेरणीला त्याच्या मागून कासिमिरा बी सोडत गेली. तो हळू चालला. वळून बघताना आता तो हाताकडे बघत नव्हता, हातातल्या बटाट्याकडे बघत होता. "चला की, भावजी," ती म्हणायची, "मी म्हातारी होतेय इथे उभी राहून."

पुढच्या काढणीत त्याने असं खणलं, की बघणाऱ्यांना हा तोच एवारिस्तो का अशी शंका यावी. प्रत्येक झाडाभोवती लांबून, खोलवर. ढेकळं हाताने फोडून बघायचा. दुपारी शेतातच ढेकळांची भट्टी रचून, तापवून, तिच्यात बटाटे पुरून भाजत, तेव्हा तो पुढ्यातला प्रत्येक बटाटा आधी फोडून बघे, मग खाई. रंग पुष्कळ होते. गावाने दिलेलं सगळं पिकलं होतं. कंठी कुठेच नव्हती. मुठींमध्ये एखादी चुकून आली असेल अशी जी आशा त्याने धरली होती तीही गेली. दुसऱ्या दिवशी बायका वेचायला आल्या आणि रिकाम्या टोपल्या घेऊन परतल्या. "हा माणूस संपला," त्यांतली एक म्हणाली, आणि ते तिने दुःखाने म्हटलं.

बटाट्यांनंतर जव कापायचे असतात. आदल्या वर्षी बटाटे होते त्या तुकड्यात या वर्षी जव पेरले होते. एवारिस्तो विळ्याने कापत पुढे जात होता, कासिमिरा पेंढ्या बांधत मागे होती. मधूनच ती वाकून मातीत काहीतरी उकरे. त्याने लक्ष दिलं नाही. दुपारी तिने बांधावर शिजायला ठेवलेल्या मडक्यातून उकडलेले बटाटे काढले, तिखटाची वाटी ठेवली, आणि एक काळा, ओबडधोबड बटाटा त्याच्यापुढे धरला.

"सांगा भावजी, आतून काय?"

हा प्रश्न तिने त्याला कधी विचारला नव्हता. पण त्यांच्या चुलीशी बसून तिने तो हजारदा ऐकला होता.

"पांढरा," तो म्हणाला.

तिने फोडला आणि एक अर्धा त्याच्या हातावर ठेवला. वाफ गेली. फिकट पिवळा गर. सालीच्या आतून गोल फिरलेलं तांबडं कडं.

तो बराच वेळ बघत राहिला. "कुठला हा?"

"इथलाच. जवाच्या मुळांत चार पाच झाडं आपोआप उगवलेली. गेल्या वर्षीच्या काढणीत तुमच्या मागे राहिलेले. लांब जाऊन बसलेले, खोल. दंवही पोचलं नसेल तिथे."

"सगळे उकडलेस?" घाईत तो वहिनीला एकेरी बोलून गेला.

"इतकी वेडी आहे का मी? बाकीचे कच्चेच आहेत." तिने कमरेशी बांधलेल्या शालीवर हात ठेवला. "विधवेचा हक्क, भावजी. मागे राहिलेल्यावर."

"हक्क आहेच, वहिनी."

"जाऊबाईंना किती वर्षं मागत होते मी."

"माहीत आहे."

ती त्याच्याकडे बघत होती, तो अर्ध्या बटाट्याकडे. तो अजून तसाच हातात होता. "खा आता," ती शेवटी म्हणाली. "उकडलेला काही उगवत नाही." त्याने खाल्ला. हळू खाल्ला. चव अगदी तीच होती, थोडी गोडसर, मागून किंचित कडवट. नाझारियाच्या आईने बांधून दिलेली.

त्यानंतर सगळा हिवाळा त्याने तो विषय काढला नाही. संध्याकाळी कासिमिरा चुलीशी येऊन बसायची, जगाच्या गोष्टी निघायच्या, कंठीची निघायची नाही. रिवाजाने ती तिची होती, आणि मागून घेतली तर काय उरलं, असं त्याला वाटे. रात्री मात्र त्याला झोप लागत नसे. या घरात जे एकट्या नाझारियाचं होतं, ते भिंतीपलीकडे दुसऱ्याच्या पोटमाळ्यावर होतं. असू दे, निदान आहे, असं तो स्वतःला समजावी. मग पुन्हा कूस बदले.

पेरणीच्या आदल्या दिवशी त्याने ती शाल काढली, झटकली, गाठ मारून अंगावर घेतली आणि शेजारच्या दारात जाऊन उभा राहिला. गेल्या वर्षी इतर दारांत उभा राहिला होता तसाच. शाल सोडून त्याने जमिनीवर पसरली.

"काय पाहिजे?" कासिमिरा म्हणाली.

"द्याल ते."

ती शिडी चढून वर गेली. बराच वेळ खाली आली नाही. वर काहीतरी सारल्याचा, थांबल्याचा, पुन्हा सारल्याचा आवाज येत होता. एवारिस्तो उभा होता. त्याला कसलीच घाई नव्हती. मग ती उतरली आणि तिने शालीत बटाटे सोडले. काळे, ओबडधोबड, डोळ्यांना कोंब फुटलेले.

"निम्मे आहेत," ती म्हणाली. "निम्मे माझे. तिने मला कधी दिली नाही, म्हणून मी देतेय. समजू दे तिला, जिथे असेल तिथे."

"समजेल," एवारिस्तो म्हणाला. "दोन घरांत राहू दे आता. एका घरातला गडी चुकतो."

दुसऱ्या दिवशी पेरणीला गडी आले, फाउस्तिनोही सुट्टी काढून आला होता. दुपारच्या जेवणाला एवारिस्तोने तुळईवरचं पोतं उतरवलं आणि त्यातला काळा चुन्यो भिजवून सूप करायला लावलं. सगळ्यांनी पोटभर खाल्लं. कुणी म्हणालं, चुन्यो फार छान झालाय, कुठले बटाटे? "नाझारियाचे," तो म्हणाला, आणि त्यानेही एक वाटी घेतली.

त्यानंतरच्या काढणीला तो कंठी लावलेल्या तुकड्यात खणत होता. कंठीची झाडं त्याने शेवटी ठेवली होती. लांबून, खोलवर, गुडघे टेकून, एकेक ढेकूळ हाताने चाचपत. मागे बांधावर कासिमिरा टोपली घेऊन बसली होती.

"भावजी," ती ओरडली, "एवढं नीट खणू नका हो. आमच्या पोटावर पाय कशाला?"

एवारिस्तोच्या हातात नुकताच एक बटाटा आला होता, झाडापासून हातभर लांब बसलेला. त्याने तो पुसून बघितला. मग होता तिथेच पुन्हा ठेवला, वर माती लोटली आणि तो पुढच्या झाडाकडे सरकला.